नऊ वर्षं ताटकळलेला प्रेक्षक



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींनी नाकं मुरडली असतील. अमेरिकन विनोदी मालिका, आणि व्याख्यानमालेत? पण गोष्ट सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्याला किती झुलवावं, हा प्रश्न आपल्या कीर्तनकारांइतकाच जुना आहे. आज तो टीव्हीच्या निमित्तानं पाहू.

‘हाऊ आय मेट युवर मदर’ ही मालिका सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर 2005 मध्ये सुरू झाली. 2030 साली टेड मोस्बी हा वास्तुविशारद आपल्या दोन मुलांना सोफ्यावर बसवून, त्यांची आई आपल्याला कशी भेटली ते सांगतोय. पहिल्याच भागात तो रॉबिनच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी रेस्तराँतलं निळं फ्रेंच हॉर्न पळवून आणतो. आणि भाग संपता संपता मुलांना सांगतो, ही तुमची रॉबिन आंटी! काय सुरेख चाल आहे पाहा. आई कोण नव्हे ते सांगून टाकलं, कोण आहे ते राखून ठेवलं. तो चेहरा दिसला मे 2013 मध्ये, आठव्या पर्वाच्या अखेरीस.

एवढा उशीर का? थोडं बाजाराचं बोलू. अमेरिकन वाहिन्यांची पर्वं सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपत. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे हे नील्सन कंपनीच्या प्रेक्षकमोजणीचे मोठे महिने. स्थानिक केंद्रांचे जाहिरातींचे दर त्या आकड्यांवर ठरत. म्हणून ‘फ्रेंड्स’मधला रॉस लंडनला बोहल्यावर चढून एमिलीऐवजी जुन्या प्रेयसीचं, रेचेलचं नाव घेतो तो मे 1998 मध्ये, आणि पुढच्या वर्षी लास व्हेगासमध्ये दारूच्या तारेत रेचेलशी लग्न करून बसतो तेही मे महिन्यातच. आपल्याकडच्या महाएपिसोडांचं गणित याहून फार निराळं नाही. शिवाय शंभराच्या आसपास भाग झाले की पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकायला मालिका तयार होते. त्या पैशाकडे डोळा असताना नायक-नायिकेचं लग्न लवकर कोण लावून देईल?

याला जोड मिळाली एका भीतीची. ‘मूनलाइटिंग’ या मालिकेत सिबिल शेफर्ड आणि ब्रूस विलिस यांची पात्रं मार्च 1987 मध्ये एकदाची एकत्र आली, आणि पुढे दोन वर्षांत मालिका बंद पडली. लेखकांनी धडा घेतला: जोडी जुळली की प्रेक्षक गेला. खरं तर त्या काळात शेफर्डला जुळं होणार होतं, विलिस ‘डाय हार्ड’ चित्रपटात गुंतला होता, 1988 मध्ये लेखकांचा संप झाला, आणि भाग वेळेवर तयार होत नव्हते ही रड तर आधीपासूनची. पण खापर फुटलं बिचाऱ्या प्रेमावर! उलट ‘द ऑफिस’मध्ये जिम आणि पॅमचं लग्न 2009 साली लावलं, तरी मालिका 2013 पर्यंत चालली.

लांबवणं मुळात वाईट नाही. ‘फ्रेझर’मधला नाइल्स सात पर्वं डॅफ्नीवर झुरतो. आपल्याला ते ठाऊक, तिला नाही. त्या अज्ञानातून विनोद पिकत राहतो. मधल्या काळात त्याचा संसार मोडतो, माणूस बदलतो. शेवटी पाठदुखीच्या औषधाच्या अमलाखाली नाइल्सचा भाऊ फ्रेझरच ते तिच्यापाशी बोलून जातो, आणि मग ती त्याच्याकडे पाहायला लागते. इथे वाट पाहण्याचं चीज झालं.

टेडच्या बाबतीत ते झालं नाही. रॉबिनला तो विसरतो, पुन्हा आठवतो, पुन्हा सोडतो. नववं पर्व जवळजवळ सगळं रॉबिन आणि टेडचा मित्र बार्नी यांच्या लग्नाच्या शनिवार-रविवारात घातलं. लग्न लागलं, आणि पुढच्याच आठवड्यात, 31 मार्च 2014 च्या अखेरच्या भागात, त्यांचा घटस्फोट! आई ट्रेसी आजारानं गेली, हे दोन-चार वाक्यांत उरकलं. मुलं म्हणाली, बाबा, तुम्हाला रॉबिन आंटीच हवी आहे. आणि टेड निळं हॉर्न घेऊन तिच्या खिडकीखाली उभा.

मुलांचं हे दृश्य सुरुवातीच्या पर्वांतच चित्रित करून ठेवलं होतं, कारण मुलं मोठी झाली असती. हुशारीच की! पण डब्यातली फिल्म वाढत नाही, पात्रं वाढतात. क्रिस्टिन मिलिओटीनं एका पर्वात ट्रेसी इतकी जिवंत केली की तिची आठवण पुसून रॉबिनकडे परतणारा टेड प्रेक्षकांना परका वाटला. कार्टर बेज आणि क्रेग थॉमस या कर्त्यांनी स्वतःच्या मालिकेपेक्षा जुन्या आराखड्यावर जास्त विश्वास ठेवला. प्रेक्षक उशिरामुळे चिडले असते तर पाचव्या पर्वातच उठून गेले असते.

त्याच वर्षी डीव्हीडी संचात दुसरा शेवट आला. त्यात ट्रेसी मरत नाही. मालिका अजून पाहिली नसेल त्यांना माझी विनंती आहे (मी सगळं सांगून टाकलंय, त्याला आता इलाज नाही): अखेरच्या भागात फार्हॅम्प्टन स्टेशनच्या फलाटावर पिवळ्या छत्रीखाली टेड आणि ट्रेसीचं बोलणं झालं की खुशाल टीव्ही बंद करा.