जुन्या ओम्नीवर अजून किती खर्च करायचा?

आज आम्ही बोलणार आहोत जुन्या गाडीबद्दल. आपल्यातल्या काही गटांकडे स्वतःची गाडी आहे, काही घ्यायच्या विचारात आहेत. गाडी जुनी झाली की गटाच्या बैठकीत एकच वाद दर महिन्याला होतो. एक म्हणते, "आता किती पैसे ओतायचे हिच्यात?" दुसरी म्हणते, "चालतेय ना, मग कशाला कर्ज?" आमच्या गटात हा वाद दोन वर्षं चालला. या दिवाळीनंतर तो मिटवला. कसा, ते सांगतो.

आमचं गाव वाईजवळ. गटात बाराजणी. मसाले, पापड आणि स्ट्रॉबेरीचा जाम करतो आणि आठवड्यातून दोनदा पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरच्या दुकानांना माल देतो. गाडी म्हणजे २०१२ ची मारुती ओम्नी, गटाने वापरलेली घेतली. काट्यावर २ लाख ३८ हजार किलोमीटर. ओम्नी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली, पण सुटे भाग अजून तालुक्याच्या गावात मिळतात आणि कुठलाही मिस्त्री ती खोलू शकतो. तिच्याबद्दल माया वाटते ती यासाठीच. पुढच्या सीटखाली तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. उन्हाळ्यात घाट चढताना बसणारीला खालून शेक मिळतो, तो वेगळा!

आधी हिशोबाचं सांगतो. बहुतेकजणी असा विचार करतात: गाडी विकली तर चाळीस हजार येतील, दुरुस्ती तीस हजारांची, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही. आम्हाला हा हिशोब पटत नाही. गाडी विकून चाळीस हजार हातात आले तरी मालाची खोकी डोक्यावर घेऊन कोणी पाचगणी चढत नाही. दुसरी गाडी लागतेच. म्हणून तुलना करायची ती जुन्या गाडीचा वर्षाचा खर्च आणि दुसऱ्या गाडीचा वर्षाचा खर्च, यांची.

आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी वही काढली. दुरुस्तीला २०२३ साली १४,२०० रुपये गेले, २०२४ ला २२,६०० आणि २०२५ ला ४१,३००. शेवटच्या वर्षी क्लच प्लेट, वॉटर पंप आणि हेड गॅस्केट. पण वहीत फक्त मिस्त्रीची बिलं होती. गाडी गॅरेजला उभी असताना सहा फेऱ्यांना भाड्याचा टेम्पो केला, फेरीला १,८०० प्रमाणे १०,८०० रुपये. ते "प्रवास खर्च" या पानावर लिहिलेले. शिवाय गाडी पूर्वी लिटरला चौदा किलोमीटर जायची, आता अकरा. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर वीसेक लिटर पेट्रोल जास्त, म्हणजे वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास. हे कुठल्याच पानावर नव्हतं. सगळं मिळून ७६,१०० झाले.

आता दुसरी बाजू. चार लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण साडेआठ हजार येतो. वर्षाचे १ लाख २ हजार. वर विमा जास्त, आणि नव्या गाडीलाही सर्व्हिसिंग आणि टायर लागतातच. म्हणजे नुसत्या पैशाकडे बघितलं तर जुनी ओम्नी अजूनही स्वस्त. ज्या दुरुस्त करा म्हणत होत्या त्यांचं बरोबर होतं, आणि ते आम्ही बैठकीत मोठ्याने कबूल केलं.

पण वही गाडीच्या खाली बघत नाही. मिस्त्रींना आम्ही सांगितलं, यावेळी काही बदलू नका, फक्त तपासा आणि आम्हाला दाखवा. चौघीजणी गॅरेजला गेलो. त्यांनी दुखण्यांचे सरळ दोन भाग केले. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेकचे लायनर, शॉकअप ही झिजणारी कामं. ती बदलली की गाडी पहिल्यासारखी होते, त्यावर रडायचं नाही. इंजिनाचं बघायचं तर धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी ऑइलमध्ये शिरतंय. आमचं इंजिन गॅस्केटनंतर बरं होतं.

मग त्यांनी गाडी वर चढवून खालून बॅटरी मारली. सरकत्या दाराच्या खालच्या बाजूला पत्रा पापुद्र्यासारखा सुटत होता. त्यांनी पाना टोचला तर आरपार गेला. वरून रबरी मॅट असल्यामुळे आतून काहीच दिसत नव्हतं. हे नीट समजून घ्या. ट्रकला खाली वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. ओम्नीला तसं नाही. पत्र्याचं अंग हीच तिची हाडं. खालचा पत्रा कुजला तर ती नुसती शोभा गेली असं नाही, धक्का बसल्यावर माणसाला सांभाळणारा भाग गेला. ठिगळ लावून वेल्डिंग करता येतं, पण आजूबाजूचा पत्रा तेवढाच कुजका असेल तर वेल्डिंग धरणार कशाला? मिस्त्रींनी पंधरा हजार सांगितले, आणि हेही सांगितलं की दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा हेच.

त्या दिवशी बैठकीत आम्ही एक नियम केला. गाडी चालवणाऱ्या दोघीजणींनी आधी बोलायचं, बाकीच्यांनी नंतर. एरवी त्या गप्प बसतात, कारण पैशाचं बोलणं कोषाध्यक्षांचं. एक म्हणाली, "माल असला की मी चालवते. पण मागे बायका बसल्या की घाट उतरताना माझा पाय ब्रेकवरून निघत नाही." त्यानंतर फार चर्चा झाली नाही. बारापैकी दहा जणी गाडी बदलायच्या बाजूने. दोघींचं अजूनही म्हणणं आहे की गाडी खाली सपाटीवर वापरावी आणि घाटाला टेम्पो करावा. तोही विचार वेडा नाही, पण आमचा निम्म्याहून जास्त माल घाटावरच जातो.

कागदांचंही एक कारण होतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर. आमची पंधरा वर्षं २०२७ ला भरतात, आणि कुजलेला तळ घेऊन तपासणीला जायचं कसं?

पैसा कुठून आणायचा यावर मात्र जोरात भांडण झालं. काहीजणींना वाटत होतं गटाच्या अंतर्गत बचतीतूनच घ्यावी, बँकेचं व्याज वाचेल. आमचं ठाम मत, तसं करू नका. त्या पैशातूनच जूनमध्ये बियाणं येतं आणि शाळेची फी भरली जाते. ते पत्र्यात अडकवले तर अडचणीतली बाई पुन्हा सावकाराच्या दारात जाते. म्हणून ठरलं असं: नवी ईको रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांच्या आसपास जाते, ती घ्यायची नाही. तीन-चार वर्षं वापरलेली बघायची, जामच्या नफ्यातून सुरुवातीची रक्कम आणि बाकी बँकेचं कर्ज. मालाची पिवळ्या पाटीची ईकोही असते, पण तिच्यात पुढे दोघींनाच बसता येतं. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं किंवा माल नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

बाळंतपणाला आपली गाडी लागते ना, असंही कोणी म्हणेल. त्यासाठी १०२ आणि १०८ हे नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये हवेत. रात्री जुनी गाडी ढकलत बसण्याची ती वेळ नसते.

राहिली आमची ओम्नी. एकजण शाळेच्या पोरांसाठी पंचेचाळीस हजारांना मागत होता. आम्ही नाही म्हटलं. तळ कुजलाय हे माहीत असून त्यावर कोणाची पोरं बसवायची नाहीत. ती नोंदणीकृत भंगार केंद्रात देणार आहोत. पैसे कमी येतील, पण तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घेता येते. हे रद्द करणं विसरू नका. आमची गाडी एका सभासद ताईंच्या नावावर आहे. नोंदणी चालू राहिली आणि ती गाडी कोणी रस्त्यावर आणली, तर दंडाची पावती त्यांच्या घरी येणार.

पुढच्या आठवड्यात दोन ईको बघायच्या आहेत, एक वाईत आणि एक साताऱ्यात. सकाळी लवकर जाणार, इंजिन थंड असताना, म्हणजे पहिल्या किल्लीला धूर कसला येतो ते दिसेल. मिस्त्री सोबत येणार आहेत. आणि एक जुनी सतरंजी नेणार आहोत, गाडीखाली झोपून बघायला.