मोजपट्टी कोणाच्या हाती?



1896 साली मुंबईत प्लेगने कहर मांडला आणि त्यानंतर दोनच वर्षांत ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ कायद्याने अस्तित्वात आला. दाटीच्या मोहल्ल्यांवर त्याने कुदळ चालवली, रस्ते रुंद झाले, वारा खेळू लागला. परंतु आरंभीच्या वर्षांत जितकी घरे पाडली गेली तितकी उभी राहिली नाहीत, आणि ज्यांचे छप्पर गेले ते शेजारच्या चाळींतील गर्दीत जाऊन मिसळले. ट्रस्टच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. राहणाऱ्यास विचारावे, ही कल्पनाच त्या काळी सरकारी दप्तरात नव्हती. आणि खरे सांगावयाचे तर आजही ती तेथे फारशी रुळलेली नाही.

म्हणूनच पुण्याच्या येरवड्यातील एका उपक्रमाची हकिकत मला महत्त्वाची वाटते. 2005 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या, ‘जेएनएनयूआरएम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या केंद्राच्या अभियानातून पुणे महानगरपालिकेने तेथील काही वस्त्या जागच्या जागी सुधारण्याचे ठरविले, तेव्हा ‘स्पार्क’ ही संस्था आणि बचतीतून संघटित झालेल्या ‘महिला मिलन’च्या बायका या कामात भागीदार झाल्या. घरोघर फिरून कच्चे कोणते, पक्के कोणते याची नोंद करण्यात त्यांचा हात होता; पक्की घरे तशीच राखून केवळ कच्च्यांच्या जागी सुमारे 270 चौरस फुटांची घरे बांधावयाची आणि खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाने उचलावयाचा, अशी तजवीज होती. ज्यांची जागा अगदीच चिमूटभर, त्यांच्यासाठी शेजाऱ्यांच्या जागा एकत्र करून एकावर एक घरे रचण्याचाही मार्ग होता. जागा एकत्र करण्याची अशी संमती शेजारी शेजाऱ्याला देतो. नोटिशीने ती मिळत नाही.

या बायकांची परंपरा जुनी आहे. मुंबईत भायखळ्याच्या पदपथावर संसार करणाऱ्या ‘महिला मिलन’च्याच स्त्रियांनी 1980 नंतरच्या दशकात आपल्या भावी घराचा पूर्णाकृती नमुना उभारला, तेव्हा त्यांनी चौदा फूट उंची मागितली. कारण एवढ्या उंचीत पोटमाळा बसतो, आणि पोटमाळा म्हणजे सून घरात आल्यावर निघणारी दुसरी खोली. कोणा अभियंत्याच्या हिशेबात ही सून कधी आली असेल, असे मला वाटत नाही.

उणीवही सांगितली पाहिजे. मोजणी घराची होते, माणसांची क्वचित. त्यामुळे वस्तीतल्याच एखाद्या पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणारा गवंडी, ज्याच्या हातून कदाचित हीच घरे उभी राहिली असतील, तो अशा योजनांच्या यादीत सहसा सापडत नाही, आणि त्याच्या दारावर मोजणीचा क्रमांक रंगविला गेला तरी त्यापुढे लिहिलेले नाव घरमालकाचे असते.