परदेशी मुलगा आणि घरचा प्राप्तिकर
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



एके काळी गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या आपल्या सोलापुरातली मुले आता दुबईला, अमेरिकेला नोकरीस असतात. त्यांचे कागद मात्र आपल्याच कपाटात! मी सातवी शिकलेली. पण विचारून चार गोष्टी समजून घेतल्या, त्या सांगते.

मुलगा वर्षात १८२ दिवसांहून कमी इथे राहिला, तर सहसा तो करापुरता अनिवासी. तिकडे कमावलेल्या पगारावर इथे कर नाही. इथले उत्पन्न १५ लाखांवर असेल, तर मात्र २०२० च्या दुरुस्तीप्रमाणे १२० दिवसही मोजावे लागतात.

इथले घरभाडे आणि एनआरओ खात्याचे व्याज करपात्र. एनआरई खात्याचे त्याला माफ. एनआरओच्या व्याजातून बँक साधारण ३० टक्के आधीच कापते. जास्त कापले गेले, तरी विवरणपत्र भरल्यावाचून परत मिळत नाही.

मुलाने आईला पाठविलेल्या पैशावर आईला कर नाही. पण त्याची ठेव केली, की व्याज आपले उत्पन्न! तेव्हा भगिनींनो, “मला काय कळतंय” म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका. आधी वाचा, नाही कळले तर विचारा, मगच सही करा.