पिनांची वाटणी

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक. त्याच्या कडेवरील ४० पिनांपैकी २८ पिना बहुरूपी आहेत. एकच पिन कधी दिवा लावील, कधी संदेश वाहील, कधी पडद्याला रंग पुरवील. कोणीने कोणते काम करावे, हे लिनक्सला नुसत्या पिना पाहून कळत नाही. ते ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या लेखी वर्णनात नोंदवावे लागते.

समांतर जोडणीचा पडदा घ्या. रंगांसाठी २४ आणि घड्याळादी संकेतांसाठी ४, म्हणजे साऱ्या २८ पिना खर्ची पडल्या! बहुतेक प्रारूपांवर नोंदीत त्या प्रत्येकीला ‘आल्ट २’ हे रूप द्यावे लागते. रंगाची एखादी राहिली, तर छटा बिघडते. घड्याळाचीच राहिली, तर पडदा काळा. मग चूक शोधावी कशी? यंत्राचे निवेदन एरवी ज्या वाटेने बाहेर येते, त्या १४ व १५ क्रमांकांच्या पिना तर हिरव्या रंगाने बळकावलेल्या! रंगाच्या पिना १८ वर आणल्या, तर सहा सुटतात खऱ्या, पण या दोन नव्हेत. म्हणून पडदा जोडण्याआधी मी तरी नेटवर्कवरून यंत्रात शिरण्याची वाट उघडून ठेवतो. काळ्या पडद्यामागे ते बहुधा जागेच असते.