घरचा दूरध्वनी : ठेवावा की सोडावा?

(नागपुरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



धरमपेठ, लक्ष्मीनगर, धंतोली किंवा महाल या वस्त्यांतील जुन्या घरांत, बैठकीच्या खोलीत एका लहानशा टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली झाकलेले दूरध्वनी यंत्र अद्याप दिसते. दिवसातून एखाद्या वेळी ते वाजते, आणि वाजले तरी पलीकडून बहुधा कोणीतरी कर्ज देऊ करीत असते. महिन्याचे देयक मात्र न चुकता येते व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत. त्यांचे बोलणे मोबाइलवर, तेही एकमेकांची तोंडे पाहत. मग हे यंत्र ठेवावयाचे कशासाठी, असा प्रश्न अशा घरांतून निघतो. मुले म्हणतात, काढून टाका. वडील म्हणतात, असू द्या. आई बहुधा काहीच म्हणत नाही. परंतु दुपारच्या वेळी तो फोन उचलणारी तीच असते.

महागाई, बेकारी आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे विषय समोर असताना हा प्रश्न अभ्यासवर्गात घेण्याजोगा आहे काय, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. परंतु सार्वजनिक सेवा मोडतात त्या संसदेतील एखाद्या ठरावाने क्वचितच मोडतात. त्या घराघरांतून, एकेका अर्जाने मोडत जातात. आणि प्रत्येक अर्जदाराला आपण केवळ घरखर्चाचा हिशेब केला असे वाटत असते.

या विषयात समाजवाद्यांनी प्रथम स्वतःच्याच घरात डोकावले पाहिजे. १९८५ पर्यंत टपाल व तार हे एकच खाते होते. त्या वर्षी दूरसंचार वेगळे झाले, १९८६ मध्ये मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम निघाले, आणि नागपूर धरून उरलेला देश खात्याकडेच राहिला. दूरध्वनी पूर्णतः सार्वजनिक मालकीचा होता. परंतु सार्वजनिक मालकीचे असणे आणि जनतेचे असणे यांत केवढे अंतर पडू शकते, याचे त्याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. योजनाकारांनी दूरध्वनीला जवळजवळ चैनीच्या वस्तूंत गणले. १९९१ मध्ये सुमारे ८४ कोटींच्या देशात जोडण्या होत्या अवघ्या ५० लाखांच्या आसपास. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आणि ज्याच्यापाशी पैसा होता त्याच्यासाठी 'ओन युवर टेलिफोन' नावाची वेगळी रांग होती, जी मोठी अनामत भरली की लवकर पुढे सरकत असे. सार्वजनिक सेवेत पैशाने रांग मोडण्याची ही सोय कोणा भांडवलदाराने नव्हे, खात्यानेच काढली होती. डॉक्टर, वकील, व्यापारी आणि वरचे अधिकारी यांच्या घरी फोन आला. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर क्रमांकापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरे असत, म्हणजे फोन शेजाऱ्याचा आणि निरोप त्यांच्या कृपेने. गिरणी कामगाराच्या गावाकडून मृत्यूची बातमी यायची ती तारेने.

याच काळात एक चांगली गोष्टही घडली व तिचा उल्लेख राहून जाऊ नये. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या सरकारी संशोधन संस्थेने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. आपल्याकडील धूळ आणि उन्हाळा गृहीत धरून, वातानुकूलनाविना चालावे म्हणून ते घडवले होते. १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूर येथे पहिले सुरू झाले. त्यानंतर गावोगाव पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. दुकाने आली, अनेक अपंगांना त्यांतून रोजगार मिळाला. सार्वजनिक क्षेत्राला कल्पकता असू शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे एक्स्चेंज आठवावे.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाइल संभाषण केले. त्यानंतर एका दशकात जे घडले, ते चार दशकांच्या सरकारी मक्तेदारीला जमले नव्हते. कळमन्याच्या बाजारातील हमाल, काटोलचा संत्रा बागाईतदार, घरकाम करणारी बाई यांच्या हाती फोन आला. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून जुन्या दूरध्वनीविषयी हळहळ व्यक्त करताना, तो होता कोणाचा, हे विसरता कामा नये.

मात्र मोबाइल आला म्हणून घरचा फोन आपोआप संपला, ही समजूत अपुरी आहे. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे भारत संचार निगमात रूपांतर झाले. त्याआधीच्या सप्टेंबरात कर्मचाऱ्यांनी तीन दिवस संप केला होता. निवृत्तिवेतनाची हमी त्या लढ्याने मिळाली. कंपनी झाल्यावर तिने नफा पाहावा, असे सांगण्यात आले. आणि स्वस्त भाड्याने घरोघरी तार नेण्याची जबाबदारीही तिच्याकडेच ठेवण्यात आली. ही तूट भरून काढण्यासाठी खाजगी कंपन्यांनी निगमाला द्यावयाचा आकार २००३ मध्ये लागू झाला व २००८ मध्ये बंद झाला. जबाबदारी राहिली, तिची किंमत देणारा गेला. देशातील स्थिर जोडण्या २००६ च्या सुमारास ५ कोटींपर्यंत पोचल्या होत्या. २०२० पर्यंत त्या २ कोटींवर आल्या.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे पुस्तक येथे उपयोगी पडते. त्यांना नायजेरियात असे दिसले की, मालमोटारींची स्पर्धा असूनही तेथील रेल्वे सुधारली नाही. स्पर्धेने सेवा सुधारते, हा पाठ्यपुस्तकातील नियम मग कोठे गेला? हर्शमन यांचे उत्तर असे की, जे ग्राहक सर्वांत अधिक चोखंदळ आणि तक्रार करण्यास सर्वांत समर्थ, तेच प्रथम मालमोटारीकडे निघून गेले. मागे राहिले ते ज्यांचा आवाज कोणाला ऐकू जात नाही असे. सरकारकडून पैसा मिळत असल्याने रेल्वेला त्यांच्या जाण्याचे भय नव्हते, आणि ओरडणारे तर उरलेच नव्हते.

नागपुरात हेच झाले. ज्या प्राध्यापकाने, वकिलाने किंवा अधिकाऱ्याने पूर्वी फोन दोन दिवस बंद पडला तर एक्स्चेंजमध्ये जाऊन अभियंत्याला जाब विचारला असता, त्याने मोबाइल घेतला आणि तक्रार करणे सोडले. पुढे सिमेंटचे रस्ते आले, मेट्रोचे खोदकाम आले. रस्ता ज्याने खोदला त्याने खालची केबल पाहिली नाही. तुटलेली केबल जोडावयास माणूस लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली व ३१ जानेवारी २०२० रोजी निगमाचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. म्हणजे जवळजवळ निम्मे. कोणत्या गल्लीत कोणत्या खांबावरून कोणती जोडी जाते, हे ज्या लाइनमनच्या डोक्यात होते, तो त्या दिवशी घरी गेला. नकाशात ते ज्ञान कधी पुरते उतरलेच नव्हते. त्याच्या जागी आलेल्या कंत्राटी कामगाराला कामाची शाश्वती नाही, पगाराची तारीख नाही, आणि फोन बंद पडल्याचा राग मात्र त्याच्यावरच निघतो. सार्वजनिक क्षेत्रावर निष्ठा सांगणाऱ्या घरांतूनही त्याला कधी पाणी विचारले जात नाही, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

आता यंत्राविषयी. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन घरातील विजेवर चालत नाही. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच दोन तारांतून घरापर्यंत येतो. वीज गेली, पंखा थांबला, दिवा विझला, तरी फोन जिवंत राहतो. आता त्या तारेऐवजी काचतंतू येत आहे. त्यावर इंटरनेट वेगाने चालते, पावसाने खरखर होत नाही. सेवा म्हणून तो निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु काचेतून वीज वाहत नाही. घरात भिंतीवर बसवलेल्या डब्याला घरचीच वीज लागते. वीज गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. कोराडी आणि खापरखेडा यांच्या धुराड्यांच्या छायेत राहूनही मे महिन्यातील वादळात नागपूरकरांना अंधारात बसावे लागते, हे येथे कोणाला सांगावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा संकट कोणत्या वेळी आणि किती लवकर दारात येते, हे या शहराने पाहिले. तांब्याची तार अशा पुरात टिकलीच असती असे नव्हे. पाणी तिचाही शत्रू आहे. परंतु रात्रीच्या वेळी वीज नसताना एकट्या वृद्धाने मदत कशी मागावयाची, हा प्रश्न त्या पहाटेनंतर काल्पनिक राहिलेला नाही.

इंग्लंडमध्ये जुने जाळे डिसेंबर २०२५ मध्ये बंद व्हावयाचे होते. वृद्धांच्या गळ्यातील धोक्याची घंटा त्याच तारेवर चालते, आणि नव्या जोडणीवर ती काही ठिकाणी वाजली नाही, असे २०२३ मध्ये उघड झाले. सरकारला हस्तक्षेप करावा लागला व मुदत जानेवारी २०२७ पर्यंत गेली. ज्याचा सारा आधार घरच्या फोनवर आहे, त्याला वीज गेल्यावर निदान एक तास तरी आपत्कालीन मदत मागता आली पाहिजे, असे तेथील नियामकाचे म्हणणे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात एका मोठ्या कंपनीने, मागेल त्याला फोन देण्याच्या बंधनातून मुक्तता मागितली होती. जून २०२४ मध्ये तेथील आयोगाने ती नाकारली. हे देश समाजवादी नाहीत. एवढेच की, तेथे तार काढावयाची असेल तर आधी कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

मग नागपूरच्या घराने काय करावे? ज्या घरात कर्त्या वयाची माणसे आहेत, प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, आणि जुना फोन सहा महिने मुका आहे, त्यांनी तो सोडावा. निष्ठा म्हणून मृत यंत्राचे भाडे भरत राहणे ही सार्वजनिक क्षेत्राची सेवा नव्हे, ते दान आहे. आणि दानावर टपाल चालत नाही, फोनही चालत नाही. मात्र सोडताना तो गुपचूप सोडू नये. अनामत परत मागावी, किती तक्रारी केल्या व किती दिवस फोन बंद होता हे अर्जात लिहावे, आणि त्याची प्रत ठेवावी. बाहेर पडणाऱ्याचा हा शेवटचा आवाज आहे, तो वाया घालवू नये.

ज्या घरात वृद्ध व्यक्ती एकटी आहे, जिला मोबाइलच्या काचेवरची अक्षरे दिसत नाहीत, आणि जिचा तांब्यावरचा फोन चालू आहे, तिच्या मुलांनी बंगळुरूत बसून तो बंद करण्याचा निर्णय घेऊ नये. काचतंतू घ्यावयाचाच झाला तर डब्यासाठी बॅटरीची सोय आधी करावी. आणखी एक गोष्ट. बैठकीतला फोन कोणा एकाचा नसतो, घराचा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरीत असलेला मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच होता. जेथे एकच मोबाइल आहे व तो घरधन्याबरोबर सकाळी बाहेर जातो, तेथे दुपारभर स्त्रीला फोन नाही. बँकेचा आणि आधारचा गुप्त क्रमांकही त्याच मोबाइलवर जातो. घरचा फोन निरुपयोगी ठरला त्यात काही वाटा अशा शासकीय व्यवस्थेचाही आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये देशातील स्थिर जोडण्यांत एका खाजगी कंपनीने निगमाला मागे टाकले. म्हणजे तार संपली नाही, मालक बदलतो आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी मोबाइलचे दर वाढवले, तेव्हा त्या एकाच महिन्यात लक्षावधी लोक निगमाकडे वळले. कालपर्यंत नावे ठेवलेला सरकारी फोन त्या दिवशी एकाएकी आठवला. दुसरा पर्याय उभा असणे याचा अर्थ काय, हे त्यातून कळावयास हरकत नाही. परंतु त्या पर्यायाला ४ जी लहरी देण्याचा निर्णय खाजगी कंपन्यांनंतर अनेक वर्षांनी, २०१९ मध्ये झाला, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

१८८५ च्या तार कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सार्वत्रिक सेवेचा निधी 'डिजिटल भारत निधी' या नावाने चालू ठेवला आहे. ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर, जेथे सेवा अपुरी आहे असे शहरी भागही त्याच्या उद्देशांत आहेत. 'शहरी' हा शब्द कार्यकर्त्यांच्या कामाचा आहे. एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या घरी काचतंतूबरोबर बॅटरी विनामूल्य द्यावी, आणि पर्यायी व्यवस्था चालू झाल्याखेरीज तांब्याची तार काढू नये, अशी मागणी या निधीतून करता येते. तिच्यासाठी मोर्चाआधी यादी लागेल. प्रभागातील ज्येष्ठ नागरिक मंडळ, औषधाचे दुकान आणि वर्तमानपत्र टाकणारा मुलगा यांना विचारून, कोणत्या घरात कोण एकटे आहे व तेथला फोन चालू आहे की नाही, हे पंधरा दिवसांत समजू शकते. धंतोली आणि महाल या दोन वस्त्यांपासून आरंभ करावा. तेथे जुनी घरेही अधिक आहेत, आणि जुने फोनही.