जळालेला चित्रपट, उरलेला कागद



राजकीय चित्रपट म्हटले की आपल्या घरांत ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ यांचीच नावे निघतात. आज मी अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या हिंदी चित्रपटाविषयी बोलणार आहे. नाव पुष्कळांनी ऐकले आहे, चित्रपट पाहिलेले थोडेच.

नाहटा हे राजस्थानातील बाडमेरचे काँग्रेसचे खासदार. सत्ताधारी पक्षात राहून त्यांनी सत्तेचीच खिल्ली उडवली. एप्रिल १९७५ मध्ये चित्रपट सेन्सॉरकडे गेला. सरकारने ५१ आक्षेप काढले. पात्रे काल्पनिक आहेत, असे उत्तर नाहटांनी जुलैत दिले. पण तोवर आणीबाणी लागली होती. निगेटिव्हसह प्रती ताब्यात घेतल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट पाहायचे ठरवले, तेव्हा प्रती सापडेनात! त्या गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्याच्या आरोपावरून संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना १९७९ मध्ये शिक्षा झाली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. चित्रपट मात्र परत आला नाही.

नाहटांनी तो पुन्हा काढला आणि १९७८ मध्ये प्रदर्शित केला. त्यात शबाना आझमी मुक्या ‘जनते’च्या भूमिकेत आहेत. संग्राहकांच्या हाती येतो तो हाच. कुणी ‘पंच्याहत्तरची मूळ प्रत’ म्हणून किंमत सांगू लागला, तर आधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहावे. मूळ चित्रपटाला ते मिळालेच नव्हते; म्हणजे प्रमाणपत्र असलेली प्रत नंतरचीच. पण म्हणून १९७८ चे पोस्टर किंवा गाण्यांची पुस्तिका कमी मोलाची ठरत नाही. दडपलेली गोष्ट पुन्हा सांगितली गेली, याचा तो पुरावा आहे.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणारी माणसे. आपल्या माळ्यांवर जुन्या ट्रंका आहेत. त्यांत चित्रपटांच्या पुस्तिका असतील, आणीबाणीतली पत्रके असतील, निवडणुकीच्या सभांची हस्तपत्रके असतील. घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा हे सारे किलोच्या भावाने रद्दीत जाते. त्याला ना जप्तीचा हुकूम लागतो, ना आगपेटी.

म्हणून विनंती एवढीच, की ट्रंक रिकामी करण्यापूर्वी घरातल्या जाणत्या माणसाला दाखवा. कागदामागे साल आणि गाव पेन्सिलीने लिहा. चित्रपटाचे काही हाती लागले, तर पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे विचारा. नाहटांचा चित्रपट वाचवणे त्यांच्या हाती राहिले नव्हते. आपल्या ट्रंका आपल्याच हाती आहेत.