धान्य असता उपासमार का?



दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन उभी राहते. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून अन्न नाही, असा सरळ हिशेब आपण मांडतो. हा हिशेब अपुरा आहे, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम जगाचा जमाखर्च पाहू. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते आणि लोकसंख्या ८०० कोटींवर आहे. भागाकार केला तर माणशी रोज जवळजवळ एक किलो धान्य येते. त्यातील बराच वाटा गुराढोरांच्या खाद्याकडे व इंधनाकडे जातो हे खरे; तरी राहते ते थोडे नव्हे. असे असूनही, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ साली सुमारे ६७ कोटी माणसांना पुरेसे अन्न मिळाले नाही. मग हे धान्य अडते कोठे?

याचे उत्तर १९४३ च्या बंगालने दिले आहे. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमर्त्य सेन त्या वेळी शांतिनिकेतनात वाढणारे नऊ वर्षांचे बालक होते. पुढे त्यांनी आकडे तपासले, तेव्हा त्यांना असे आढळले की १९४३ मधील धान्याचा पुरवठा १९४१ पेक्षा अधिक होता. या आकड्यांविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु मेले कोण, याविषयी फारसा वाद नाही. शेतमजूर मेले, कोळी मेले, भात कांडून पोट भरणाऱ्या बाया मेल्या. युद्धामुळे तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीवर गेला आणि मजुरी होती तेथेच राहिली. कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत होते. खेड्यातील भूमिहीनाला कोणी विचारले नाही. दुष्काळाचे नियम १८८० नंतर सरकारनेच केले होते, तरी त्या नियमांप्रमाणे दुष्काळ जाहीर झालाच नाही.

हे नियम होण्यापूर्वीची एक हकीकत आपल्या मुलुखातली आहे. १८७७ साली दख्खनच्या दुष्काळी कामांवर सरकारने मजुरी इतकी उतरवली की माणसाच्या वाट्याला दिवसाचे जेमतेम पौंडभर धान्य यावे. तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणूस केवळ दयेचा विषय नाही, त्याचे काही मागणे आहे, हे त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या मजुरांनी ओळखले होते.

आता १९७३ हे साल घ्या. त्या साली इथिओपियाच्या वोलो प्रांतात दुष्काळाने फार मोठा मनुष्यसंहार केला. तेथील देसी शहराच्या बाजारात धान्याचे भाव फारसे चढलेही नाहीत, कारण उपाशी माणसाच्या हाती पैसाच नव्हता. ज्याच्या हाती पैसा नाही त्याची भूक बाजाराला दिसत नाही! बादशहाच्या सरकारने ही आपत्ती दडपण्याचा यत्न केला. पुढल्याच वर्षी ते सरकार कोसळले.

त्याच सुमारास महाराष्ट्रात पावसाने लागोपाठ दगा दिला होता. गुरे गेली, गावे ओस पडली, लोकांनी लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. हाल झाले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु लोकांनी मोर्चे काढले, वर्तमानपत्रांनी लिहिले, विधानसभेत प्रश्न झाले, आणि मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. बंगालसारखा संहार टळला. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ साली कायदा झाला.

यावर कोणी म्हणेल, "धान्यच पिकले नाही तर वाटणार काय?" आक्षेप रास्त आहे. उत्पादन वाढलेच पाहिजे. परंतु कोठार भरले म्हणजे ताट भरले, असे होत नाही. सुदानमधील झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये आणि गाझात ऑगस्ट २०२५ मध्ये दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले. तेथे दोष पावसाचा नव्हता. युद्धाने रस्ते अडवले होते.

आणि आपल्या घरचे काय? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील शंभरांपैकी पस्तीसहून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. या भुकेचा पुकारा होत नाही. कुदळ मारू शकेल त्याला रोजगार हमी. पण म्हातारा, गरोदर बाई, तान्हे मूल यांनी काय करावे? त्यांच्यासाठी शिधापत्रिका आहे, अंगणवाडी आहे. ती त्यांच्यापर्यंत पोचते की नाही, हे मात्र कोणी तरी पाहिले पाहिजे.

म्हणून श्रोत्यांना आमची एकच विनंती आहे. गोदामात किती पोती आहेत हे सरकार सांगेलच. आपण आपल्या गावात, आपल्या गल्लीत, यादीतून नाव कोणाचे गळले आहे ते विचारावे, आणि ते नाव पुन्हा चढेपर्यंत कचेरीची पायरी सोडू नये. १८७७ च्या सभेने दुसरे काय केले होते?